जुन्या भावांसाठी साडेआठ हजार कशाला?

पत्र

मी खानापूरची. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत हिशेब बघते. दोन वर्षांपासून पगारातून थोडे थोडे शेअर घेते आहे. आता टिळकवाडीत एका क्लासला नाव घातलंय. तिथले सर सांगतात, ५० दिवसांची सरासरी २०० दिवसांच्या सरासरीला खालून वर छेदून गेली की घ्यायचं, वरून खाली आली की विकायचं. फळ्यावर दहा कंपन्यांचे आलेख दाखवले, सगळ्यांत फायदा! ‘स्वतः पडताळून बघायचं असेल तर वीस वर्षांच्या भावांचा पेनड्राइव्ह आहे,’ म्हणतात. किंमत साडेआठ हजार. एवढे पैसे घालायला जीव होत नाही. हे भाव फुकट कुठे मिळत नाहीत का? आणि फुकटचे असले तर भरवशाचे असतात का?

दुसरी अडचण आप्पांची. ते इंडालमधून, म्हणजे इथल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यातून, रिटायर झाले. गेल्या वर्षी त्यांनी हिंदाल्कोचे सगळे आणि इन्फोसिसचे निम्मे शेअर विकले. रिटर्नसाठी ३१ जानेवारी २०१८ चा भाव लागतो म्हणे. इन्फोसिसचा तो भाव एका ठिकाणी साडेअकराशेच्या आसपास दिसतो, दुसरीकडे पावणेसहाशेच्या. दोन्ही साइट नावाजलेल्या. यातला खरा कुठला?

ता. क. : आईचा एक म्युच्युअल फंड आहे. त्याची जुनी एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, कुठे बघायची?

— एक वाचक, खानापूर

उत्तर

ताई, पेनड्राइव्ह घेऊ नका. त्यात जे काही असेल ते मुंबईच्या दोन शेअर बाजारांनीच कधी ना कधी फुकट प्रसिद्ध केलेलं आहे, आणि ते तुम्हालाही तितकंच उघडं आहे. विकणाऱ्यानं फार तर ते एकत्र करायची मेहनत घेतलेली असते. ती नीट घेतली आहे का, हे तपासायला तुम्हाला मूळ आकडे लागतीलच. मग सुरुवात मुळापासूनच का करू नये?

रोज संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर एनएसई आणि बीएसई दोघंही ‘भावकॉपी’ नावाची फाइल टाकतात. नाव जुनं आहे आणि दलालांच्या तोंडी अजून तेच आहे. त्या दिवशी ज्या ज्या शेअरचा व्यवहार झाला त्या प्रत्येकाची एक ओळ: उघडला किती, वर किती गेला, खाली किती आला, बंद कितीवर झाला, किती शेअर हातोहात फिरले. एनएसईवर शेअरचे व्यवहार नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाले. त्यांच्या साइटवर अहवालांच्या विभागात जाऊन तारीख टाकली की त्या दिवसाची फाइल उतरवता येते. एक लक्षात ठेवा, जुलै २०२४ पासून भावकॉपीचा साचा बदलला आहे. नव्या फाइलीत रकान्यांची नावं आखडून लिहिलेली असतात आणि क्रमही वेगळा आहे. जुन्या-नव्या फाइली डोळे झाकून एकाखाली एक चिकटवल्या तर कमाल भावाच्या जागी किमान भाव येऊन बसेल.

पण तुम्हाला एकेका कंपनीचा लांब पल्ला हवा असेल तर रोजच्या फाइली गोळा करत बसायची गरज नाही. बीएसईच्या साइटवर जुन्या भावांचं पान आहे. तिथे कंपनीचं नाव किंवा सहा आकडी कोड टाकायचा, दोन तारखा द्यायच्या, रोजचे-महिन्याचे-वर्षाचे यांतलं काय हवं ते निवडायचं आणि फाइल उतरवायची. हिंदाल्कोचा कोड ५००४४०, इन्फोसिसचा ५००२०९. रोजच्या भावांच्या फाइलीत चार भावांखेरीज भारित सरासरी भाव (किती शेअर कितीला गेले ते धरून काढलेला), व्यवहारांची संख्या, एकूण उलाढाल आणि प्रत्यक्ष डिलिव्हरी किती झाली हेही असतं. एनएसईवरही कंपनीनिहाय भाव मिळतात, पण वीस वर्षं एका दमात मागितली तर साइट देत नाही, तुकड्या-तुकड्यांनी घ्यावी लागतात. चहाचा कप शेजारी ठेवून एका रविवारी दुपारी होणारं काम आहे.

मी बीएसईचा कोड आवर्जून सांगतोय याला कारण आहे. कंपन्या नावं बदलतात. इन्फोसिसचंच बघा. २०११ मध्ये कंपनीनं नावातलं ‘टेक्नॉलॉजीज’ काढून टाकलं आणि एनएसईवरचं तिचं चिन्हही, म्हणजे सिम्बॉल, आखूड इंग्रजी नाव, बदललं. आजचं चिन्ह घेऊन २००८ च्या भावकॉपीत शोधलंत तर इन्फोसिस सापडणारच नाही, आणि तुम्हाला वाटेल फाइल खराब आहे. आयसिन नंबर (प्रत्येक शेअरचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) धरावा तर आपल्याकडे दर्शनी किंमत बदलली की तोही बदलतो. बीएसईचा सहा आकडी कोड मात्र सहसा कायम राहतो. नाव आणि चिन्ह बदललेल्या कंपन्यांची यादी एनएसई देते, तीही फुकट. ती एकदा उतरवून जवळ ठेवा.

आता इन्फोसिसच्या दोन भावांकडे येऊ, कारण तुमच्या सगळ्या पत्राची किल्ली तिथेच आहे. दोन्ही भाव खरे आहेत. ३१ जानेवारी २०१८ ला बाजारात इन्फोसिस साडेअकराशेच्या आसपासच होता, त्या दिवशी ज्यानं घेतला त्यानं तेवढेच पैसे मोजले. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनीनं एकास एक बोनस दिला. शंभर शेअर होते त्याचे दोनशे झाले आणि भाव निम्म्यावर आला. दुसऱ्या साइटनं हा बोनस लक्षात घेऊन मागचे सगळे भाव अर्धे करून ठेवलेत, म्हणून तिथे पावणेसहाशे दिसतात. आपल्या बाजार समितीत बटाट्याचं पोतं शंभर किलोचं होतं ते पन्नास किलोचं केलं, तर पोत्याचा भाव अर्धा होईल, पण म्हणून बटाटा स्वस्त झाला असं कुणी म्हणणार नाही. गेल्या सालच्या भावाशी तुलना करायची तर जुना भावही अर्धा धरावा लागेल. ती साइट तेवढंच करते.

म्हणजे जुने भाव दोन जातींचे असतात. एक कच्चा, म्हणजे त्या दिवशी प्रत्यक्ष झालेला. दुसरा समायोजित, म्हणजे नंतरचे बोनस, स्प्लिट (एका शेअरचे छोटे तुकडे) आणि कधी कधी लाभांशसुद्धा वजा करून मागे नेलेला. बीएसई-एनएसईच्या फाइलींत कच्चा भाव असतो. याहू फायनान्स, गूगल यांच्याकडे सहसा समायोजित. त्यातही याहूवर एक गंमत आहे. तिथे ‘क्लोज’ आणि ‘अ‍ॅडजस्टेड क्लोज’ असे दोन रकाने दिसतात. माणसाला वाटतं, पहिला कच्चा आणि दुसरा समायोजित. तसं नाही! पहिल्यातही बोनस-स्प्लिट धरलेलेच असतात, दुसऱ्यात त्यावर लाभांशही वजा होतो. कच्चा भाव त्या पानावर कुठेच नाही.

आप्पांच्या रिटर्नला कच्चा भाव लागतो, तुमच्या सरांच्या नियमाची परीक्षा घ्यायला समायोजित. फुकटचे भाव भरवशाचे नसतात अशी जी ओरड ऐकू येते, तिच्यातली निम्मी तरी हे न बघता केलेली असते.

आप्पांचं आधी संपवू. २०१८ च्या अर्थसंकल्पात शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर पुन्हा कर आला तेव्हा सरकारनं सवलत ठेवली, की ३१ जानेवारी २०१८ पर्यंत जो नफा कागदावर होऊन गेला त्याला हात लावणार नाही. त्यासाठी त्या दिवशीचा सर्वाधिक भाव धरायचा. बंद भाव धरायचा नाही. ‘हाय’च्या रकान्यातला आकडा. मग हिशेब असा: त्या दिवसाचा सर्वाधिक भाव आणि विक्रीचा भाव यांतला लहान आकडा घ्या, त्याची मूळ खरेदीशी तुलना करा, आणि त्यातला मोठा तो तुमचा खर्च.

इंडालचे आप्पांसारखे किती तरी लोक यमुनापूरच्या वसाहतीतून रिटायर होऊन शहापूर-वडगावात घर बांधून राहिलेत, आणि प्रत्येकाची तक्रार एकच: ‘अहो, तेव्हा कितीला घेतले ते कुठं लिहून ठेवलंय?’ इंडालचं नियंत्रण २००० मध्ये हिंदाल्कोकडे गेलं, पुढे इंडालचा बहुतेक कारभार हिंदाल्कोत विलीन झाला, २००५ मध्ये हिंदाल्कोच्या दहा रुपयांच्या शेअरचे एक रुपयाचे दहा झाले. एवढ्या उलथापालथीतून मूळ किंमत काढायची म्हणजे डोक्याला तापच. पण आप्पांच्या बाबतीत तिच्यावाचून फारसं अडत नाही. ३१ जानेवारी २०१८ ला हिंदाल्को अडीचशेच्या वर होता. जुन्या इंडालवाल्याची दर शेअरमागची खरेदी, स्प्लिट धरून, त्याच्या जवळपासही जाणार नाही. वरच्या नियमात मोठा आकडा निवडायचा आहे, तेव्हा विक्री त्याहून वर झाली असेल तर २०१८ चा भावच खर्च म्हणून येतो. समजा त्या दिवसाचा सर्वाधिक भाव २५५ आणि आप्पांनी विकले ७०० ला, तर नफा शेअरमागे ४४५. मूळ खरेदी ३० ची होती की ५० ची, नफ्याच्या आकड्यात फरक पडत नाही. फॉर्ममध्ये खरेदीचा रकाना असतो, त्यात जुन्या पावत्यांवरून जे सापडेल ते सीएला विचारून भरा. मात्र २५५ च्या जागी याहूचा लाभांश वजा केलेला आकडा टाकलात तर खर्च कमी दिसेल आणि आप्पा विनाकारण जास्त नफा दाखवून बसतील.

इन्फोसिसचं थोडं नाजूक आहे. आप्पांकडे समजा २०१६ अखेरीस हजाराच्या भावानं घेतलेले शंभर होते, बोनस मिळून दोनशे झाले आणि त्यांतले शंभर विकले. डीमॅट खात्यात आधी आलेले आधी गेले असं धरतात, म्हणजे विकले ते मूळचे शंभर. त्यांना पूर्ण कच्चा भाव लागतो, समजा ११५०. विक्री १५०० ला झाली असेल तर नफा शेअरमागे ३५०, एकूण ३५,०००. पावणेसहाशेचा आकडा धरला असता तर मूळ खरेदीचे हजार मोठे ठरले असते आणि नफा ५०,००० दिसला असता. उरलेले शंभर बोनसचे. ते ३१ जानेवारी २०१८ नंतर मिळाले, त्यामुळे त्यांचा खर्च शून्य. पुढे कधी विकतील तेव्हा आलेली सगळी रक्कम नफाच, हे आप्पांना आत्ताच सांगून ठेवा, नाही तर त्या वर्षी घरात वाद होतील. बोनसऐवजी स्प्लिट झाला असता तर गोष्ट वेगळी होती. तिथे एकाच शेअरचे तुकडे होतात, म्हणून २०१८ चा भावही त्याच प्रमाणात तोडून घ्यायचा. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा असा नफा करमुक्त आणि वरच्यावर साडेबारा टक्के, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

करायचं काय, तर ३१ जानेवारी २०१८ ची भावकॉपी दोन्ही बाजारांची उतरवा, दोन ओळी शोधा, ‘हाय’चा आकडा घ्या, आणि ती फाइल आप्पांच्या कागदांत जपून ठेवा. नोटीस आली तर साइटचा स्क्रीनशॉट दाखवण्यापेक्षा बाजाराची मूळ फाइल दाखवलेली बरी.

आता तुमचा स्वतःचा उद्योग. समायोजित भाव फुकट आणि झटपट हवे असतील तर गूगल शीट्स उघडा. त्यात गूगलफायनान्स नावाचं सूत्र आहे. कंसात आधी बाजाराचं नाव आणि कंपनीचं चिन्ह, मधे दोन टिंबांचं कोलन. मग कुठला भाव हवा ते, मग सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि रोजचे की आठवड्याचे. एंटर दाबलं की शेकडो ओळी खाली उतरतात. याहूवर एनएसईच्या कंपनीच्या चिन्हापुढे टिंब देऊन ‘एनएस’ आणि बीएसईच्या पुढे ‘बीओ’ अशी इंग्रजी अक्षरं जोडावी लागतात. तिथे पूर्वी फाइल फुकट उतरवता यायची, २०२४ पासून त्या बटणाला पैसे पडतात. तक्ता मात्र पानावर अजून दिसतो. पायथॉन येत असेल तर याहूचे भाव खेचणारी वायफायनान्स नावाची लायब्ररी आहे, फुकट आहे, पण ती याहूची स्वतःची नाही. साइटनं काही बदललं की ती मधेच बंद पडते आणि दुरुस्त होईपर्यंत वाट बघावी लागते. कुणी कुणी गोळा करून इंटरनेटवर ठेवलेल्या तयार फाइलीही पुष्कळ मिळतात. त्या घ्या, पण कुठल्याही चार तारखा बीएसईच्या फाइलीशी ताडून बघितल्याशिवाय वापरू नका.

कंपनी दुभंगते तेव्हा ही फुकटची समायोजनं चुकण्याचा संभव सगळ्यात जास्त. २० जुलै २०२३ ला रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली. आदल्या दिवशीचा बंद भाव २८४१.८५, आणि खास सत्रात उरलेल्या रिलायन्सचा भाव ठरला २५८०. मधले २६१.८५ रुपये कुणी हरवले नाहीत, ते नव्या कंपनीच्या शेअरच्या रूपानं मिळाले. तुमच्या फाइलीत मात्र त्या दिवशी नऊ टक्क्यांची पडझड दिसत असेल तर ते दुरुस्त केलेलं नाही असं समजा. असे दिवस शोधायची सोपी युक्ती: रोजच्या टक्केवारीचा रकाना करा, सगळ्यात मोठे वीस चढउतार वर आणा आणि प्रत्येकाच्या तारखेला कंपनीनं काय जाहीर केलं होतं ते बीएसईच्या कॉर्पोरेट अ‍ॅक्शनच्या पानावर बघा.

एक्सेलचं तुम्हाला काय सांगणार, रोजचं काम आहे तुमचं. तरी सांगतो. तारखा महिना आधी धरून उघडल्या गेल्या तर ०५-०७-२०१२ चा ७ मे होतो, आणि १३ तारखेपासून पुढचे दिवस निव्वळ अक्षरं म्हणून डाव्या बाजूला चिकटून बसतात. रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की तिथेच थांबा. फाइल थेट डबल क्लिक करून न उघडता डेटाच्या मेनूतून आत घ्या आणि तारखेचा क्रम आधी दिवस असा सांगा. हजाराचा स्वल्पविराम असलेले भावही असेच अक्षरं बनून राहतात आणि बेरजेत शून्य धरले जातात. आणि एखाद्या शनिवारी-रविवारी ओळ दिसली तर लगेच ती काढून टाकू नका. अर्थसंकल्पासाठी १ फेब्रुवारी २०२५ ला, शनिवारी, बाजार चालू होता, आणि लक्ष्मीपूजनाला मुहूर्ताचा तासभराचा सौदा असतो, तो कुठल्याही वारी येऊ शकतो.

राहिला सरांचा नियम. फळ्यावरच्या दहा कंपन्या कोणत्या होत्या ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावतो, दहाही आज धडधाकट उभ्या असलेल्या असणार. आजच्या यशस्वी कंपन्या घेऊन मागचे आलेख काढले तर कुठलाही नियम शहाणा ठरतो. २००८ मध्ये बसून तुम्ही यादी केली असती तर तिच्यात सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी आली असती, ती तेव्हा सेन्सेक्समध्ये आणि निफ्टीतही होती. ७ जानेवारी २००९ ला एका दिवसात तिचा भाव पावणेदोनशेच्या वरून चाळीसच्या आसपास आला. जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या शेअरधारकांच्या हाती २०२१ मध्ये काहीच उरलं नाही. अशा बुडालेल्या, विलीन झालेल्या, बाजारातून काढून टाकलेल्या कंपन्या याहू-गूगलवर अनेकदा सापडत नाहीत. जुन्या भावकॉपीत मात्र त्या आहेत, कारण तो त्या दिवसाचा पंचनामा असतो, नंतर कोण जगलं आणि कोण मेलं याची त्याला खबर नसते. म्हणून नियम पडताळायचा तर २००६ सालच्या एखाद्या भावकॉपीतून उलाढालीनुसार पहिल्या पन्नास कंपन्या निवडा आणि त्याच शेवटपर्यंत पाळा, पुढे बुडाल्या तरीही.

दुसरी मेख अशी, की सरासऱ्या छेदल्या हे तुम्हाला बंद भाव ठरल्यावर कळतं. एनएसईवर तो भाव इतकी वर्षं शेवटच्या अर्ध्या तासाच्या भारित सरासरीनं ठरत आला आहे, म्हणजे प्रत्यक्ष शेवटचा सौदाही त्याच भावाला झालेला असेल असं नाही. तेव्हा हिशेबात खरेदी दुसऱ्या दिवशीच्या उघडत्या भावानं धरा. फळ्यावर त्याच दिवशीच्या बंद भावानं धरलेली असते, विचारून बघा. मग प्रत्येक खरेदीला आणि प्रत्येक विक्रीला ०.१ टक्का एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर), खरेदीवर ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क, दलाली, आणि वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर वीस टक्के कर वजा करा. एवढं करून जे उरेल त्याची तुलना नुसत्या निफ्टीशी करू नका. निफ्टीचा रोजचा आकडा लाभांश धरत नाही. निफ्टी इंडायसेसच्या साइटवर लाभांश परत गुंतवला असं धरणारा टोटल रिटर्न निर्देशांकही आहे, जुने आकडे फुकट उतरवता येतात. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीनं फेब्रुवारी २०१८ पासून म्युच्युअल फंडांनाही याच निर्देशांकाशी तुलना करायला लावली आहे, मग सरांच्या नियमाला सूट कशाला द्यायची?

मला स्वतःला विचाराल तर हा नियम टिकला तर मला आश्चर्य वाटेल. पण ते माझ्या शब्दावर मानू नका, तुमच्याकडे आकडे जुळवायची नजर आहे, फाउंड्रीचे हिशेब वाया गेलेले नाहीत.

सरांना एक-दोन प्रश्न मात्र जरूर विचारा. पेनड्राइव्हमध्ये सत्यमचे जानेवारी २००९ चे भाव आहेत का? इन्फोसिसचे ३१ जानेवारी २०१८ चे भाव कच्चे आहेत की समायोजित? उत्तर चटकन आलं तर माणूस निदान आपला माल ओळखतो. आणि ते अमुक शेअर घ्या, तमुक विका असं सांगत असतील तर त्यांचा सेबीकडचा नोंदणी क्रमांक मागा. तो सेबीच्या साइटवर दोन मिनिटांत तपासता येतो. नुसतं शिकवायचं असेल तर नोंदणी लागत नाही, पण जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीनं अशा शिकवणाऱ्यांना मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरायलाही बंदी केली. फळ्यावर गेल्या आठवड्याचा आलेख असेल तर त्याचा अर्थ तुम्हीच लावा.

मिनिटा-मिनिटाचे जुने भाव मात्र फुकट मिळतील अशी आशा धरू नका. ते बाजार स्वतः विकतो. काही दलाल आपल्या ग्राहकांना त्यातला थोडा भाग देतात. तुमच्या नियमाला त्यांची गरजही नाही. १९९४ च्या आधीचं काही हवं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या अर्थव्यवस्थेच्या आकडेवारीच्या वार्षिक हँडबुकात सेन्सेक्सच्या सरासऱ्या आहेत, तेही फुकट. एकेका कंपनीसाठी जुन्या अर्थविषयक दैनिकांच्या फायलींना पर्याय नाही, बेळगावच्या जुन्या वाचनालयांत विचारून बघा. बंगळूर किंवा मंगळूरच्या शेअर बाजारातच नोंदलेल्या छोट्या कंपन्यांचे भाव शोधायचा नाद सोडा. ते बाजारच राहिले नाहीत.

आईच्या फंडासाठी अ‍ॅम्फीच्या साइटवर जा, म्हणजे म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या. तिथे एनएव्हीच्या इतिहासाचं पान आहे. फंड कंपनी आणि योजना निवडा, तारखा द्या. योजनेचं नाव निवडताना आईच्या स्टेटमेंटवर आहे तेच अक्षर न् अक्षर जुळवा. डायरेक्ट योजना, म्हणजे मधला एजंट नसलेल्या, १ जानेवारी २०१३ पासून आल्या, त्याआधीची गुंतवणूक असेल तर ती रेग्युलरच असणार. ग्रोथच्या जागी लाभांशाचा पर्याय निवडला गेला तर एनएव्ही बरीच खाली दिसेल. फंड कंपनी मधे कुणी विकत घेतली असेल तर नव्या नावाखाली शोधा, आणि तिथेही मिळाली नाही तर स्टेटमेंटवरचा फोलिओ नंबर देऊन फंडाच्या रजिस्ट्रारला, म्हणजे गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला, मेल टाका.